नोंदवहीतले तीन रकाने

मी काय काम करते असं कुणी विचारलं की आई सांगायची, "जयपूरला असते, किड्यांवर करते काहीतरी." मावशी त्यात भर घालायची, "भुंगेऱ्यांची लग्नं लावते ती. स्वतःचं मात्र..." आणि वाक्य तिथंच सोडून द्यायची. दोघींचंही खरंच होतं. १९९९ च्या पावसाळ्यात मी पीएच.डी.साठी सांगलीहून जयपूरला गेले आणि पुढची चार वर्षं प्राणिशास्त्र विभागातल्या एका अरुंद खोलीत कडधान्यातल्या भुंगेऱ्यांच्या जोड्या लावत बसले.

हा किडा तुम्ही पाहिलेला आहे. बरेच दिवस न उघडलेला चवळीचा किंवा मुगाचा डबा उघडावा, तर दाण्यांना गोल गोल भोकं पडलेली दिसतात आणि तीन-चार मिलिमीटरचे तपकिरी, ठिपकेदार किडे डब्याच्या काठाकडे धावत सुटतात. आमच्याकडे कुणी त्यांना टोके म्हणतं, कुणी नुसतं भुंगे. जयपुरात ढोरा म्हणतात. शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. दाण्यातून बाहेर पडल्यावर याला खायला लागत नाही, प्यायला मिळालं नाही तरी चालतं. बाहेरचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. एक काचेची बरणी, मूठभर कडधान्य, तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर बँड, एवढ्यावर साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो.

आमच्या बरण्यांत मटकी असायची. तिकडे तिला मोठ म्हणतात. देशातली बरीचशी मटकी राजस्थानच्या कोरड्या पश्चिम भागात पिकते. सांगलीत ज्या मिसळीवर मी वाढले तिच्यातली मटकी बिकानेर-जोधपूरकडच्या वाळूतून आलेली असणार, हे मला सूरजपोलच्या धान्यमंडीत पोत्यांसमोर उभी असताना प्रथम कळलं. दुकानदार सांगत होता, माल एकदम साफ आहे, ढोरा नाही. मी त्याला विचारलं, "ढोरा लगा हुआ मिलेगा क्या?" त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला पुढे बऱ्याच लोकांच्या डोळ्यांत दिसली.

काम असं होतं. ज्या दाण्यावर एकच अंडं आहे असे दाणे निवडायचे आणि एकेक दाणा वेगळ्या कुपीत ठेवून कापसाचा बोळा लावायचा. अंडं आधी पारदर्शक थेंबासारखं असतं. चारपाच दिवसांत अळी त्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते, मागे टाकलेला भुसा अंड्याच्या टरफलात भरतो आणि ते पांढरं दिसू लागतं. मग पुढे तीनेक आठवडे बाहेरून काही कळत नाही. शेवटी दाण्याच्या सालीवर एक गोल, काळसर खिडकी दिसते आणि एके दिवशी भुंगेरा ती खिडकी ढकलून बाहेर येतो. कुपीत एकटाच जन्मल्यामुळे त्यानं दुसरा भुंगेरा पाहिलेलाच नसतो. मादीच्या पाठीमागच्या पट्टीवर दोन काळे डाग असतात, त्यावरून ती ओळखायची. मग बारीक ब्रशनं एक नर, एक मादी उचलून पेट्री डिशमध्ये सोडायचे आणि बघत बसायचं.

माझ्या नोंदवहीत पहिल्या वर्षी तीन रकाने होते: पाहण्याचा कालावधी, स्वीकार, नकार. नर मादीच्या पाठीवर चढला आणि ती स्थिर राहिली, की 'स्वीकार'. तिनं मागच्या पायांनी लाथा झाडल्या, की 'नकार'. मी एका वेळी सहा-सात डिश मांडून बसायचे. एका डिशमध्ये जोडी जमली, मादी शांत आहे, असं दिसलं की 'स्वीकार'खाली खूण करून मी पुढच्या डिशकडे वळायचे. उन्हाळ्यात बाहेर ४४-४५ अंश असायचे, वीज जायची, कूलर बंद पडायचा, आणि पेट्री डिशवर घामाचा थेंब पडू नये म्हणून मी ओढणी कपाळाला बांधून बसायचे. २००० च्या जुलैपर्यंत चारशेच्या वर जोड्यांच्या नोंदी झाल्या होत्या. दोन तृतीयांश स्वीकार, एक तृतीयांश नकार. आकडे स्वच्छ होते. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

आमच्या मॅडम मूळच्या शेखावाटीच्या. कमी बोलायच्या. ऑगस्टमध्ये त्यांनी माझी वही मागितली, एक पट्टी घेतली आणि पानावर आडवी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "तुम्हारे सारे स्वीकार छोटे हैं."

मला कळलं नाही. त्यांनी कालावधीच्या रकान्यावर बोट ठेवलं. जिथं जिथं 'स्वीकार' होतं तिथं कालावधी दोन मिनिटं, तीन मिनिटं. जिथं 'नकार' होतं तिथं सहा, सात, आठ. ज्या जोड्यांकडे मी शेवटपर्यंत पाहिलं होतं, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या माद्यांनी लाथा मारल्या होत्या. 'स्वीकार' ही मादीबद्दलची नोंद नव्हतीच. मी बघायचं कुठं थांबवलं, त्याची ती नोंद होती.

मॅडम रागावल्या नाहीत. वही बंद करून एवढंच म्हणाल्या, "जो देखा वो लिखो. लात मारी, तो लिखो लात मारी. कब मारी, वो लिखो."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. एका वेळी एकच डिश, हातात स्टॉपवॉच, जोडी सुटेपर्यंत नजर हलवायची नाही. हळूहळू जे दिसू लागलं ते असं. जी मादी खरोखर टाळत असते ती बहुतेक वेळा लाथ मारतच नाही. ती चालू लागते. नर मागून येतो, ती वेग वाढवते, किंवा पोटाचं टोक खाली दाबून धरते. हे सगळं नर जोडला जाण्याआधीचं. एकदा जोडला गेला की पहिली काही मिनिटं ती स्थिर उभी असते. लाथा येतात त्या नंतर, चौथ्या-पाचव्या मिनिटाच्या सुमाराला, आणि आल्या की थांबत नाहीत. मागचे दोन्ही पाय नराच्या पोटावर आपटत राहतात. तो मागं झुकतो, लोंबकळतो, आणि अखेर सुटतो. त्यानंतर ती मटकीच्या दाण्यावर जाऊन अंडी घालायला लागते.

याच काळात अंडी घालणं मी प्रथम नीट पाहिलं. मादी दाण्यावर चढते, मिशांनी आणि तोंडाजवळच्या अवयवांनी तो चाचपत सगळीकडून फिरते. दाणा कोरा असेल तर अंडं चिकटवते. आधीच अंडं असेल तर उतरून दुसरा शोधते. सगळ्या दाण्यांवर एकेक झालं की मगच दुसऱ्या फेरीला सुरुवात करते. रॉजर मिचेल यांनी १९७५ साली याच किड्यावर केलेल्या अभ्यासात माद्या अंडी किती समान वाटतात हे दाखवलं होतं. १९७९ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीहून नेलेला याच भुंगेऱ्याचा एक वाण परदेशातल्या प्रयोगशाळांत आजही प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या माद्या या बाबतीत फार काटेकोर असतात. कारणही उघड आहे. लहानशा मुगात दोन अळ्या शिरल्या तर बहुधा एकच वाचते.

मॅडमची शिकवण मी एवढी मनावर घेतली होती की 'मोजते' हा शब्दही मी खोडून 'आधीचं अंडं असलेला दाणा टाळते' असं लिहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी, मॅडम आम्हाला दुर्गापुऱ्याच्या बाजूला घेऊन गेल्या होत्या. तिथं कृषी संशोधन केंद्र आहे आणि पांढऱ्या लटेवरचं काम तिथं बरीच वर्षं चालतं. राजस्थानातले शेतकरी हिला गोजा लट म्हणतात. आपल्याकडे उसात आणि भुईमुगात जी हुमणी लागते, तिच्याच गोतातली ही. अंधार पडता पडता ओल्या वाळूतून भुंगेरे वर यायला लागले. शेकडो. खेजडीवर, कडुनिंबावर, बोरीवर जाऊन बसले. आधी जोड्या जमतात, मग रात्रभर पाला खातात, आणि उजाडायच्या आत सगळे पुन्हा मातीत जातात. विजेरीच्या उजेडात पानांचा करकर आवाज येत होता. आमच्यातला एक जण म्हणाला, मादी गंध सोडून नराला बोलावते ना? मॅडमनी सांगितलं की इथल्याच यादव आणि विजयवर्गीय या शास्त्रज्ञांनी वॉल्टर लील यांच्याबरोबर हा गंध शोधला, १९९६ मध्ये त्यांचा निबंध आला. पदार्थ अगदी साधा, ॲनिसोल, बडीशेपेच्या जवळचा वास. मादी तो सोडते हे खरं. पण त्या वासावर नरही येतात आणि मादीही. त्या गंधाचं काम मुळात काही वेगळंच असावं आणि मिलनाच्या उपयोगी तो नंतर पडला असावा, असा त्यांचा तर्क. "बुलाती है, यह हमने कहा," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा ते मला फारसं कळलं नव्हतं. ऑगस्टमधली ती पट्टी सरकल्यावर आठवलं.

त्या वर्षी दिवाळीला मी घरी गेले. दोन किलो मटकी घेऊन गेले होते, जयपूरची भेट म्हणून. भाऊबिजेनंतरच्या रविवारी बघायचा कार्यक्रम होता. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं चांगली, आईच्या माहेरच्या ओळखीतली. मी साडी नेसले, पोह्यांच्या बश्या दिल्या, समोर बसले. मुलाच्या वडिलांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी सांगायला लागले तर आईनं डोळ्यांनी खूण केली, म्हणून मी "कीटकशास्त्र" एवढंच म्हटलं. मुलगा मनमिळाऊ होता. त्यानं विचारलं, "लग्नानंतर पुण्यात काम मिळेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "बघू." बाकी मी गप्प होते. मला काय वाटत होतं हे विचारलंत तर त्या क्षणी मलाही ते नीट सांगता आलं नसतं. नाही असं वाटत नव्हतं. हो असंही नाही. मनात अर्धी राहिलेली वही होती.

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "मग? काय म्हणतेस?" मी खाली बघत उभी होते. मावशी हसून म्हणाली, "अहो, गप्प आहे म्हणजे हो आहे." बाबांना हायसं वाटलेलं दिसलं. मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आईनं फोन करून होकार कळवला. फेब्रुवारीत साखरपुडा ठरला.

जानेवारीत ग्रंथालयात 'नेचर'चा ऑक्टोबर २००० चा एक अंक हाती आला. शेफील्ड विद्यापीठातल्या हेलन क्रजिंग्टन आणि माइक सिवा-जोथी यांचा दोन पानी निबंध होता, माझ्याच किड्यावर. या भुंगेऱ्याच्या नराच्या जननेंद्रियावर काटे असतात, हे मला माहीत होतं. त्यांनी दाखवलं होतं की मिलनात या काट्यांनी मादीला आतून जखमा होतात. मादी लाथा मारते त्यामुळे मिलन आटोपतं आणि जखमा कमी राहतात. तिला लाथा मारता येऊ नयेत अशी व्यवस्था केली, तर मिलन लांबतं आणि जखमा वाढतात.

मी तो निबंध उभ्यानंच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. पहिला विचार वाईट वाटण्याचा होता, कारण आपण ज्याच्या दाराशी उभ्या होतो ते दुसऱ्यांनी उघडलं. स्टॉपवॉच लावून मी 'चौथं-पाचवं मिनिट' लिहिलं होतं, पण आत काय चाललं आहे हे बघण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा विचार त्या पहिल्या चारशे जोड्यांचा आला. ज्या मिनिटांना मी 'स्वीकार' लिहून पुढे गेले होते, त्या मिनिटांत ती मादी फक्त शांत उभी होती. शांत उभी होती एवढंच लिहायचा मला अधिकार होता.

तिसरा विचार घरचा होता.

इथं सोपं वाक्य असं होईल की भुंगेऱ्यांनी मला धडा दिला. ते खोटं आहे. किडा कुणाला धडा देत नाही, आणि त्या पुण्याच्या मुलाचा तर कशातच दोष नव्हता. त्याच्या अंगावर काटे नव्हते. त्यानं एक सरळ प्रश्न विचारला होता आणि मी "बघू" म्हटलं होतं. मला जाणवलं ते एवढंच, की जी चूक मी पेट्री डिशवर वाकून करत होते तीच चूक माझ्या घरच्यांनी दिवाणखान्यात केली होती, आणि त्या दुसऱ्या नोंदीवर माझीही सही होती. मी गप्प होते, त्यांनी रकाना भरला, सगळे पुढच्या कामाला लागले. त्यानंतर कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मीसुद्धा पाहिलं नाही.

आठवड्याभरानं मी एसटीडी बूथवरून फोन केला. काचेच्या खोक्यात लाल आकडे वाढत होते. मी म्हटलं, "आई, मला हे लग्न करायचं नाहीये."

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा तर गप्प बसली होतीस."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरेसं नाही. आकडे वाढत राहिले. सत्तेचाळीस रुपये झाले.

त्याची किंमत मी भरली नाही, आईनं भरली. माणसं तिच्या माहेरची होती. हॉल ठरला होता, आणि "मुलीला शिकवलं की असं होतं" हे तिला तिच्याच भावाकडून ऐकावं लागलं. उन्हाळाभर ती माझ्याशी फोनवर बोलली नाही. बाबा बोलायचे, हवामानाबद्दल. मी आणलेल्या मटकीत भुंगे झाले होते, हेही त्यांनीच सांगितलं. आईनं ती फेकून दिली नाही. उन्हात वाळवली, चाळली, निवडली आणि तेलाचा हात लावून पुन्हा भरून ठेवली. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला श्वास मिळत नाही आणि ते मरतं, हे प्रयोगशाळांत नंतर तपासलं गेलं. आजीला ते आधीपासून माहीत होतं.

प्रबंध पुरा झाला. मी जयपूरलाच राहिले, एका महाविद्यालयात शिकवते. भुंगेऱ्यांवरचं काम जगात पुढे गेलं आणि मी ते वाचत राहिले. २००७ मध्ये एका स्वीडिश अभ्यासकानं दाखवलं की माद्यांना प्यायला पाणी दिलं तर त्या पुन्हा मिलनाला कमी तयार होतात. नर आपल्या वजनाचा नजरेत भरेल एवढा भाग मादीला शुक्रद्रव्याच्या रूपानं देतो, त्यात पाणी असतं, आणि कोरड्या डब्यात जन्मलेल्या मादीला ते उपयोगी पडतं. म्हणजे ज्याला आम्ही सगळे तिची तयारी म्हणत होतो, त्यात तहानही मिसळलेली होती. मग २००९ मध्ये उप्सालाच्या प्रयोगशाळेतून आलं की ज्या नरांचे काटे लांब, त्यांची संतती जास्त. इजा करणं हा नराचा हेतू असेलच असं नाही, पण निसर्गाच्या हिशेबात ते काटे टिकून राहतात. विद्यार्थ्यांना हे शिकवताना वर्गात हशा होतो, मुली मुलांकडे बघतात, कुणीतरी नवरा-बायकोचा विनोद करतं. मी त्यांना हसू देते. मग पट्टी काढते, माझ्या जुन्या वहीचं एक पान प्रोजेक्टरवर लावते आणि विचारते, यात चूक कुठे आहे? दरवर्षी एखाददुसऱ्यालाच दिसते.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. जयपूरचा उन्हाळा तिला सोसत नाही, पण मटकी आवडते. "इथली मटकी ताजी असते गं," म्हणते. मागच्या वैशाखात ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून परातीत मटकी निवडत होती. दाण्यांवर अंडी चिकटलेली तिला चष्म्याशिवाय दिसतात. असा एक दाणा तिनं बोटाच्या टोकावर घेऊन मला दाखवला आणि अचानक विचारलं, "तू तेव्हा ज्यांच्यावर काम करत होतीस, ते हेच ना? मावशी सांगत होती, मादी लाथ मारते म्हणून."

"हो, हेच."

"कधी मारते?"

चोवीस वर्षांत तिनं माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, "लगेच नाही मारत. आधी शांत असते. नंतर मारते."

आईनं तो दाणा परातीच्या कडेला वेगळा ठेवला. पुढचा उचलला, पाहिला, आत टाकला. बराच वेळ ती निवडत राहिली. तिचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, बाबांना तिनं बघायच्या कार्यक्रमात मान वर करूनही पाहिलं नव्हतं, हे ती पूर्वी हसत सांगायची. त्या दुपारी त्यातलं काही बोलली नाही. काहीच बोलली नाही. मी तिच्या समोर बसले आणि परातीचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे ओढून घेतला. उठायची घाई केली नाही.

संध्याकाळी मटकी भिजत घातली.